चानीची किंमत

"माझी होडी कोणच कित्याक घेणा नाय, माय?"

रघुवीर तारी खाडीकाठच्या झोपडीत शिरला तो हेच विचारत. नमस्कार करायचंही त्याला सुचलं नाही.

बयोमाय खोबरं खात बसली होती. बैरागीण बाई, वय कुणालाच ठाऊक नाही. तोंडात दात एकच, पण हसायची अगदी बत्तिशी दाखवल्यागत. गावातली माणसं आशीर्वादासाठी देवळात जात आणि शिव्या खायला तिच्याकडे येत.

"किंमत काय सांगतस?"

"नव्या होडीची. नव्यापरास बरी आसा ती!"

"मग लोक काय म्हणतत?"

"येतत, बघतत, जातत..."

होडीचं नाव चानी. त्या मुलखात खारीला चानी म्हणतात, आणि होडीही तशीच होती, लहानशी आणि चपळ. रघुवीरने उमेदीची सगळी वर्षं तिच्यावर काढली. आता त्याला पाण्यातले खडक दिसेनासे झाले होते. खाडीत उतरलास तर याद राख, असा लेकीने दम भरला होता. होडी विकणं भाग होतं. पण ती कुणाच्या चुलीत सरपण म्हणून जाऊ नये, कुणीतरी हौशीने वल्हवावी, यासाठी त्याचा जीव तुटत होता.

म्हणून त्याने तिला सजवलं. फळ्यांवर लांबी लिंपली, निळा रंग दिला, वर पिवळी पट्टी ओढली आणि झावळ्यांच्या मांडवात ठेवून दिली. रंग जाईल म्हणून दोन हंगाम तिला पाणी शिवू दिलं नाही.

"आज इनास येतलो," तो म्हणाला. "पोरगो आजवर दुसऱ्याच्या होडयेर राबलो. ही तेची पयली होडी. तो परत गेलो तर आता कोण येवचो नाय. माय, अंगारो दी."

"अंगारो?" म्हातारीने पाण्याची कळशी उचलली. "चल, होडी दाखय."

तिने चानीभोवती एक फेरी मारली. "देखणी आसा हा!"

रघुवीरची छाती फुगली.

मग मायने अख्खी कळशी होडीत उपडी केली.

...

खालची वाळू भिजली. आधी एका जागी, मग लांबच लांब.

लाकडी होडी सुकली की फळ्या आकसतात आणि फटी पडतात. हे रघुवीरला माहीत नव्हतं? खाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं! पण त्याने त्या फटी लांबीखाली गाडल्या होत्या, गिऱ्हाइकापासून आणि त्याहून जास्त स्वतःपासून. कुणी "पाण्यात घालून दाखवा" म्हटलं की तो अंगावर जायचा, माझ्या शब्दावर विश्वास नाय?

आता त्याची मान खाली गेली.

"बुडय तिका," माय म्हणाली.

"बुडवू? अगो, इनास आता येतलो!"

"म्हणानच बुडय."

रघुवीरला रडूच फुटायचं बाकी होतं. तरी त्याने चानीला उथळ पाण्यात ढकललं आणि आत दगड भरले. बिचारी गुडगुड करत खाली बसली.

तेवढ्यात इनास आलाच. "काका, होडी खंय?"

रघुवीरच्या जिभेवर खंडीभर थापा आल्या. त्याने मायकडे पाहिलं. ती खोबरं खात होती.

"थंय... पाण्यात," तो कसाबसा म्हणाला. "गळता ती. मियाच तिका सुकयलंय."

इनास बघतच राहिला. मग खो खो हसत सुटला. "काका, सगळ्या गावांत होडये बघलंय. सगळे म्हणत, गळणा नाय. गळता म्हणणारे तुमीच पयले!"

त्याने चपला भिरकावल्या, पाण्यात शिरून चानीचा तळ चाचपला आणि तिथूनच ओरडला, "लाकूड घट आसा, काका!"

तिसऱ्या दिवशी ओहोटीला दोघांनी मिळून होडी उपसली. फळ्या फुगून एकमेकींना भिडल्या होत्या. भरती आली आणि चानी तरंगली... तळ कोरडा ठणठणीत!

रघुवीरला राहवतंय कुठे? टुणकन आत. लेकीचा दम गेला वाऱ्यावर. एक चक्कर मारली, मग दुसरी. रंगाचे पापुद्रे सुटून पाण्यावर पसरत होते आणि हा गडी पोरासारखा ओरडत होता, "बघ रे इनासा, कशी धावता बघ!" काठावर बयोमायशेजारी इनास टाळ्या पिटत होता.

"आता किंमत सांगा, काका!"

रघुवीरची वल्ही थांबली. इतके दिवस तोंडपाठ असलेला आकडा कुठे गेला कोण जाणे. एकदा वाटलं, नव्याची दुप्पट मागावी. एकदा वाटलं, पोराला तशीच देऊन टाकावी.

"माय गो," तो होडीतून ओरडला, "काय सांगू तेका?"

हसून हसून बयोमायच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने ते पदराने पुसलं.

"आदी होडीतून खाली उतर, रघुवीरा."