मागचा दोर

भाविकहो, उमागिरी महाराज त्या चैत्रात वाघदरीच्या देवळात मुक्कामाला होते. तिथला रथ देवळातून थेट नदीकडे उतरतो, आणि उतार असा की पुढे ओढणाऱ्यांपेक्षा मागून दोर धरणाऱ्यांचीच परीक्षा. त्या मागच्या दोराची सेवा महाराजांनी तान्हूबाईला सांगितली होती. गावकुसाबाहेर राहून अंबाडीचे दोर वळणारी ही विधवा. महिनाभर एकवेळ जेवून तिने दोर वळला आणि रथाच्या सकाळी डोक्यावर घेऊन आली.

रथाचे मानकरी हणमंतराव दोर पाहून खो खो हसले. मधोमध गाठ होती!

"चाळीस-चाळीस हातांचे दोन तुकडे बांधून आणलेस? देवाला ठिगळ लावतेस होय गं?"

तान्हूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "मालक, जेवढी वाट तेवढाच दोर वळता येतो. माझी बोळ चाळीस हातांची. पेठेच्या रस्त्यावर वळू द्या म्हणून तीनदा तुमच्या दारात आले. हाकलून कोणी दिलं?"

हणमंतरावांनी गाठ सोडली, दोन्ही दोर उताराच्या माथ्यावरच्या पिंपळाखाली भिरकावले आणि शहरातून आणलेला गुळगुळीत अखंड दोर रथाला लावला.

तान्हूबाई महाराजांवरच उखडली. "सेवा तुम्हीच सांगितली ना? मग आता मिठाची गुळणी धरून का बसलात?"

महाराज म्हणाले, "बोल बाई, तुझा राग खरा आहे. पण दोर टाकून जाऊ नकोस."

रथ निम्मा उतार उतरला आणि पायरीच्या कडेवर घासून तो शहरी दोर तटकन तुटला. माणसं जीव घेऊन पळाली. पुढे चवरी ढाळत चाललेले हणमंतराव कोसळले, त्यांचं धोतर चाकाखाली सापडलं. चाक एका धोंड्याला अडलं होतं, आणि तो धोंडा हलत होता!

"दोर! दोर आणा!"

रथापासून पिंपळापर्यंत एक दोर पुरेना. गड्यांनी एक दोर रथाला बांधला, दुसऱ्याचे वेढे पिंपळाच्या बुंध्याला दिले. मधली दोन टोकं तान्हूबाईच्या हातात आली. या मानकऱ्याचं व्हायचं ते होऊ दे, असं तिच्या मनात आलं. का येऊ नये? पण हात थांबले नाहीत. उजवं टोक डाव्यावरून घेतलं, डावं उजव्यावरून घेणार तोच धोंडा निखळला. दोर तिच्या हातून हिसकावला गेला.

धावत आलेल्या महाराजांनी झटकन त्या गाठीवर दोन बोटं ठेवली. "देवा, जागेवर थांब!"

आणि रथ जागच्या जागी उभा राहिला.

लोकांनी धोतर फाडून हणमंतरावांना बाहेर ओढलं. मग सगळे दोराकडे बघतात तो काय! एका वेढ्याची अर्धी गाठ, जरा ढकलली तर सुटेल अशी, आणि तिच्यावर अख्खा रथ!

हणमंतराव येऊन महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. डोळे लाल झाले होते त्यांचे.

"माझे पाय कशाला? ज्या पायांना तू दारातून हाकललंस, ते तिकडे आहेत."

भर गावासमोर मानकऱ्याने तान्हूबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलो, आई. पेठेचा रस्ता तुझा."

तिचा राग कुठला एवढ्यात उतरायला! "बरं, उठा आता आणि बाजूला सरका," तान्हूबाई म्हणाली. "महाराजांची बोटं अजून तिथंच आहेत. मला उरलेली गाठ मारू द्या."