धूळपाटीवरचा पोपट

फार फार वर्षांपूर्वीची, शेळ्या बोलत आणि माणसे अधूनमधून ऐकूनही घेत, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका पाठशाळेत एक शिष्य होता. स्वभावाने गोड, गणितात कच्चा. यंदा राजासमोरची परीक्षा हुकली की त्याची रवानगी मामाकडे होणार होती. मामाचा तेलाचा घाणा होता. घाण्याचा बैल नुकताच मेला होता आणि नवा घ्यायची मामा अजिबात घाई करत नव्हता.

आचार्यांना दया आली. ते म्हणाले, "गणित डोक्यात मावत नसेल तर चित्र काढ. समोर दिसले की सुचेल."

शिष्याला ही युक्ती फार आवडली. त्यातही गणितापेक्षा चित्र जास्त आवडले.

परीक्षेच्या दिवशी राजाने विचारले, तलावाचा बांध साठ हात लांब आहे. दर दहा हातांवर एक आंबा लावायचा, दोन्ही टोकांनाही लावायचा. तर रोपे किती आणावीत? घटिकापात्र पाण्यात बुडेपर्यंत वेळ दिला.

हुशार शिष्यांनी साठाला दहाने भागले, सहा असे सांगितले आणि ते सावलीत जाऊन बसले. आपल्या शिष्याने धूळपाटी मांडीवर घेऊन बोटाने आंब्याचे खोड काढले. मग फांद्या, मग पाने, मग पानांच्या शिरा. राजा वाकून बघून गेला आणि जाताना 'वा' म्हणाला. त्या एका 'वा'पायी शिष्याने फांदीवर पोपट बसवला. पोपटाचा कंठ रेखताना पाटी भरली, आणि घटिकापात्रही काठापर्यंत भरत आले. आचार्य दुरून खुणा करून थकले. शिष्याच्या डोळ्यांपुढे घाणा फिरू लागला.

इतक्यात पाठशाळेची म्हातारी शेळी आली. पाटी हुंगून म्हणाली, "एवढी पाने काढलीस बाळा, पण त्यातले एकही खाता येत नाही." मग धूळ नाकात जाऊन ती अशी शिंकली की आंबा पोपटासकट उडाला.

शिष्य रडकुंडीला आला. "आता पुन्हा पाने काढायला वेळ कुठे आहे, शेळीआजी?"

"राजाने पाने विचारली होती का?"

उरलेल्या धुळीत शिष्याने एक आडवी रेघ ओढली. या टोकाला एक उभी काडी, दहा हातांवर दुसरी, असे करत तो त्या टोकाला पोहोचला आणि काड्या मोजल्या. बिचकतच म्हणाला, "सात."

सावलीतले शिष्य हसले. राजाने त्यांनाच सहा रोपे देऊन बांधावर धाडले. बांधाचे शेवटचे टोक उघडे राहिले, तेव्हा त्यांना घरची आठवण येऊ लागली.

आपला शिष्य पाठशाळेत राहिला. मामाला बैल घ्यावा लागला. सातवे रोप आले, ते शेळीने बक्षीस समजून खाल्ले, म्हणून राजाने आठवे मागवले.

तात्पर्य: गणितासाठी चित्र काढताना जे मोजायचे तेवढेच काढावे, पोपट उत्तर आल्यावर बसवावा.