दोन तिळांचा फोटो

"…पण बुवा, मी म्हातारी झाले तरी बघावासा वाटेल, असा फोटो कुणाचा?"

कस्तुरीनं पुन्हा तेच विचारलं.

धोंडीबुवा नदीच्या पायरीवर आपलं धोतर आपटत होते. त्यांनी ते उलटं केलं, पिळलं, परत पाण्यात बुडवलं. मग म्हणाले, "कुणाचा म्हणजे? लग्न तुझंच ना?"

"माझंच हो! फोटो काढायला कुणाला बोलवू, असं विचारतेय."

"अस्सं."

आणि परत आपटायला लागले. आता काय म्हणावं अशा माणसाला!

मार्गशीर्षातली सकाळ. नदीवर धुकं असं उतरलं होतं की पलीकडचं गाव कुणी पुसून टाकलंय असं वाटावं. देवळाचा कळस मध्येच दिसे, मध्येच नसे. नावेतून उतरल्यापासून कस्तुरीला आपण जागे आहोत की अजून अंथरुणातच आहोत, याचा नीट उलगडा होत नव्हता.

कस्तुरी म्हणजे वामनराव कासारांची एकुलती एक मुलगी. पुण्याला जाहिरातीच्या कंपनीत रंगांचं काम करायची. कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग ठेवायचा ते तिला विचारावं. आणि नाही विचारलं तरी ती सांगणारच! लहानपणी घाटावरच्या या मठात बुवांच्या मांडीवर बसून तिनं अभंग पाठ केले होते. माघात लग्न, तर त्याआधी बुवांच्या पाया पडून येऊ, असं ती घरी म्हणाली होती. खरं काम वेगळंच होतं.

तिनं मोबाइल पुढे धरला.

"हा बघा एक. याचे सगळे फोटो चिंचेच्या कोळात बुडवून काढल्यासारखे. आज फॅशन आहे. उद्या लोक विचारतील, मांडवातले दिवे गेले होते का?"

बुवा हसले.

"हा दुसरा. हा काहीच करत नाही. हळद पिवळी, कुंकू लाल, घाम आला तर घाम. मला विचाराल तर टिकणारं काम याचंच."

"मग झालं की."

"नाही ना झालं…"

तिनं मागे वळून पाहिलं. वर लिंबाच्या पारावर वामनराव बसले होते. नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला. थंडी होती म्हणून नव्हे. वैशाखात असते तरी त्यांनी तो गुंडाळलाच असता.

श्रावणात त्यांच्या तोंडावरून वारं गेलं. एका बाजूचा गाल सैल पडला, त्या बाजूचा डोळा मिटेना, आणि हसू सगळं दुसऱ्या बाजूला जाऊन राहिलं. मठातलं भजन सुटलं. घरी कुणी आलं की ते आतल्या खोलीत जायचे. जेवायलाही भिंतीकडे तोंड करून बसायचे. हात मात्र धडधाकट होते, देवाची कृपा.

आणि हातांचंच तर सगळं होतं. पंचक्रोशीतल्या नवऱ्या मुलींना हिरवा चुडा भरावा तो वामनरावांनी. मनगट दाबून, बोटं चोळून, गोष्टी सांगत सांगत ते अशी बांगडी चढवायचे की मुलीला कळायचंही नाही. प्रत्येकीच्या अल्बममध्ये चुड्याचा एक फोटो असतोच, आणि त्यात वामनरावांचे हात असतात. नुसते हात. तोंड कुणी घेतलं नाही, यांनीही कधी पुढे केलं नाही. "माझ्या कस्तुरीच्या लग्नात बघा," ते म्हणायचे, "पहिल्या रांगेत छाती काढून उभा राहतो की नाही!"

पंधरा दिवसांपूर्वी म्हणाले, "कस्तुरे, फोटोत माझे हात घे. तोंड नको."



"म्हणून हा तिसरा," ती बुवांना म्हणाली. आवाज जरा खाली आला होता. "हा तोंड सरळ करून देतो. मग बाबा उभे राहतील. श्रावणात दवाखान्यात काढलेला एक फोटो मी त्याला दिला होता, त्यानं नमुना करून पाठवलाय. काम बघा बुवा… सावल्या बघा. ओळखू येणार नाही."

बुवांनी हात पुसले. मोबाइल लांब धरून पाहिला. अगदी ऐटबाज गृहस्थ. दोन्ही डोळे सारखे, दोन्ही गाल सारखे, ओठ सरळ रेषेत.

"कोण म्हणायचे हे?"

"असं काय करता! बाबा."

बुवांनी आपला अंगठा फोटोच्या अर्ध्या चेहऱ्यावर ठेवला.

"हा वामन."

अंगठा दुसऱ्या बाजूला सरकवला.

"आणि हा?"

"तेही… बाबाच."

म्हणता म्हणता ती थबकली. या गालावर डोळ्याखाली तीळ होता. त्या गालावरही होता. अगदी तसाच, तेवढाच. त्या फोटोवाल्यानं चांगली बाजू उलटी करून दुसरीकडे चिकटवली होती. आणि हिनं आठवडाभर सावल्या पाहिल्या, रंग पाहिले, पण बापाच्या तोंडावर दोन तीळ आलेत हे काही पाहिलं नाही!

पण कस्तुरी हार मानणारी नव्हे.

"घाईत राहिलं असेल. सांगते त्याला. एक तीळ पुसायला कितीसा वेळ लागतो?"

"कोणता पुसायला सांगशील?"

"कोणता म्हणजे…"

ती बोलायला गेली. उजवा? पण माझी उजवी बाजू की बाबांची? तिनं बाबांना डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. डोळ्यांपुढे मफलरच आला. ती पाराकडे नजर टाकायला वळली, तर तिथंही मफलरच.

 धुक्यात कुठंतरी वल्ह्याचा आवाज झाला आणि विरला.

"वामना…" बुवांनी हाक मारली. "खाली ये रे. दोरी तुटलीय आमची. धोतर वाळवायचंय."

वामनराव पायऱ्या उतरून आले. बुवांनी धोतराचं एक टोक त्यांच्या हाती दिलं, दुसरं कस्तुरीच्या.

"दोन्ही हातांनी धरा. उंच. खाली लागता कामा नये, सांगून ठेवतो."

"बुवा, नवी दोरी आणू का गावातून?" वामनराव मफलरातून म्हणाले. शब्द जरा ओघळत होते.

"ही दोरी बोलते फार. तुम्ही धरा."

धरलं त्यांनी. इकडे लेक, तिकडे बाप, मध्ये पांढरं धोतर. दोघांनाही एकमेकांचं काही दिसेना. बुवा बाजूच्या दगडावर बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.



मग धुक्यात ऊन उतरलं. धोतर आधी दुधाळ झालं, मग आतून उजेड लावल्यासारखं झालं. पलीकडे बाबांची सावली होती. डोकं, खांदे, वर केलेले हात. चेहऱ्याच्या जागी काही नाही. ओल्या कापडातून थेंब पडत होते. कस्तुरीचे हात अवघडले, मग हलके झाले, मग आपल्याला हात आहेत हेच ती विसरली. धोतर हलत होतं की नदी हलत होती, तिला सांगता आलं नसतं.

त्या पांढऱ्यात तिला एक म्हातारी दिसली.

म्हातारी खाटेवर बसली होती. मांडीवर अल्बम. शेजारी एक लहान मुलगी, तिच्या दंडाला रेलून. म्हातारीच्या मनगटावर कस्तुरीच्या मनगटावरचाच डाग होता, लहानपणी बांगडीची काच लागली होती तो.

मुलीनं पान उलटलं. हिरवा चुडा.

"आजी, हे कुणाचे हात?"

"माझ्या बाबांचे." म्हातारी लगेच म्हणाली. तिनं फोटोतल्या बोटांवरून बोट फिरवलं. "असे हात मी परत बघितले नाहीत बघ."

मुलीनं आणखी एक पान उलटलं.

"आणि हा कोण?"

पहिली रांग. मधोमध एक ऐटबाज गृहस्थ. दोन्ही डोळे सारखे, दोन्ही गाल सारखे. म्हातारीनं चष्मा पुसला. फोटो जवळ घेतला, लांब धरला. रंग सुरेख होते. कुठंही विटले नव्हते, उडाले नव्हते. म्हातारी बराच वेळ बघत राहिली…

"पाहुणे असतील गं कुणीतरी," ती म्हणाली. "तुझ्या आजोबांकडचे."

आणि तिनं पान उलटलं.

अगं, बाबा आहेत ते! कस्तुरी ओरडली. नीट बघ ना, बाबा आहेत! पण आवाज फुटेना. म्हातारी पुढची पानं उलटत होती, भराभर, कुणाला तरी शोधत होती, आणि तिला कुणी सापडत नव्हतं. तिला थांबवायला कस्तुरीनं हात पुढे केले…

धोतर सुटलं.

तिच्याकडचं टोक पायरीवर पडलं, तिथल्या चिखलात. समोर वामनराव उभे होते, आपलं टोक दोन्ही हातांनी उंच धरून. हात वर धरल्यानं मफलर केव्हाच निसटला होता आणि पायाशी पडला होता.

तोंड उघडं होतं.

श्रावणानंतर कस्तुरीनं ते पहिल्यांदा उन्हात पाहिलं. एक डोळा न मिटता भरून आलेला. एक गाल सैल, गप्प. आणि दुसऱ्या गालावर, डोळ्याखाली, तीळ. इकडे होता तर! उजवीकडे. बाबांच्या उजवीकडे.

"अगं, धर की! मळलं बघ बुवांचं धोतर!" वामनराव घाईघाईनं आपलं टोक तोंडापुढे ओढू लागले.

"नाही धरणार."

"कस्तुरे…"

"नाही धरणार, बाबा. हात खाली करा. मला बघू द्या."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यांनी हात खाली केले. ती बघत राहिली. इतकी बघत राहिली की ते लाजले आणि त्यांना हसू आलं. हसू उजव्या बाजूनं आलं आणि तिळाला वर घेऊन गेलं. कस्तुरीला रडू कोसळलं.

"मी त्या दुसऱ्याला बोलावते," ती हुंदके देत म्हणाली. "काही न करणाऱ्याला. हळद पिवळी, कुंकू लाल, आणि माझे बाबा पहिल्या रांगेत. असे. अस्सेच."

"लोक हसतील गं."

"हसू देत."

"तुझ्या सासरची माणसं… नवी माणसं ती…"

"बाबा, मी विसरले होते! तीळ कुठं आहे तेच विसरले होते मी!"

वामनरावांना काही समजलं नाही. त्यांचा हात आपसूक गालाकडे गेला, तिळापाशी थांबला.

"तू म्हणशील, उभे राहा," ते हळूच म्हणाले. "पण एकट्या तुझ्या म्हणण्यानं कसं व्हायचं? माझंही मन व्हायला नको का?"

 कस्तुरी बुवांकडे पाहू लागली. बुवा धोतराला लागलेल्या चिखलाकडे पाहत होते.

वामनराव वाकले. पायाशी पडलेला मफलर त्यांनी उचलला. दोनदा झटकला.  आता गुंडाळणार… आता तोंड परत आत जाणार…

त्यांनी मफलरानं तिचे डोळे पुसले. एक डोळा, मग दुसरा. मग नाकही पुसलं, ती लहान असताना पुसायचे तसं. मग मफलर तिच्या खांद्यावर टाकून ते उघड्या तोंडानं नदीकडे बघत उभे राहिले. नावाड्यानं पलीकडून हाक दिली, "वामनराव, आहात का हो तिकडं?" आणि त्यांनी इकडून ओ दिली. कितीतरी दिवसांनी, मोठ्यानं.

कस्तुरी बुवांपाशी येऊन बसली.

"बुवा, तुम्ही काहीच सांगितलं नाहीत."

"काय सांगू? धोतर परत धुवायला लावलंत मला दोघांनी."

त्यांनी ते पाण्यात बुडवलं. चिखल सुटून वाहत गेला. मग तिच्याकडे न बघताच ते म्हणाले,

"अंतरपाट धरायला दोघं लागतात, पोरी… सोडायला एक पुरतो."