गणोबा शिंप्याचं भाड्याचं घर

एका बाजारगावात गणोबा नावाचा एक शिंपी होता. तो स्वतः भाड्याच्या खोलीत राहायचा आणि तिथेच त्याची निम्मी हयात गेली होती. अलीकडे त्याला सुईत दोरा ओवता येईना. डोळे गेले की मशीन बंद आणि मशीन बंद की चूल बंद, या भीतीने त्याला धड झोप लागत नसे. म्हणून सगळी पुंजी घालून त्याने बाजारामागे एक लहानसं घर विकत घेतलं. ते भाड्याने द्यायचं आणि म्हातारपण त्यावर काढायचं, असा बेत होता.

बेत सोपा होता, पण गणोबाला लोकांना विचारायची भारी हौस. भाडं किती ठेवू? मेव्हणा म्हणाला, "भरपूर ठेव, मागाहून वाढवता येत नाही." न्हावी म्हणाला, "कमी ठेव, नाहीतर घर ओस पडेल." भाडेकरू कसा बघू? एक म्हणे नोकरदार बघ, दुसरा म्हणे त्याची बदली होते. कौलं फुटली तर खर्च कुणाचा? यावर तर पारावर दोघांची हमरीतुमरी झाली. गणोबा सगळ्यांपुढे मान डोलवायचा आणि घरी येऊन डोकं धरून बसायचा. नव्या घराला कुलूप ते कुलूपच.

एके दिवशी तानूबाई नावाची कासारीण दोन मुलींना घेऊन घर विचारायला आली. लोकांनी डोक्यात भरवलेल्या सगळ्या शंका गणोबाने तिच्यापुढे ओतल्या. "भाडं थकवलंस तर? मुलींनी भिंती रंगवल्या तर? मधेच सोडून गेलीस तर?"

तानूबाईने एवढंच विचारलं, "काका, सैपाकघरातला धूर कुठनं बाहेर जातो?"

गणोबाने तिथे कधी चूल पेटवलीच नव्हती. "चार लोकांना विचारून सांगतो," तो म्हणाला. तानूबाई मुलींना घेऊन निघून गेली.

गणोबाची बायको येसू हे सगळं ऐकत होती. ती वैतागून म्हणाली, "अहो, जन्मभर भाड्याने राहिलात. भाडेकरूला काय लागतं, ते गावाला कशाला विचारत फिरता?"

गणोबा ओशाळला. दुसऱ्या दिवशी दोघं पीठ आणि लाकडं घेऊन नव्या घरात गेली. येसूने चूल पेटवली तशी धुराने दोघांचे डोळे चुरचुरू लागले. मागच्या दाराची कडी लागत नव्हती. मोरीचं पाणी तुंबत होतं. गणोबाने गवंडी आणून भिंतीत धुराडं काढलं, नवी कडी बसवली आणि मग बाजारात जाऊन तानूबाईला गाठलं.

"धुराची सोय केली बघ. मोरी मात्र अजून तुंबते, ती या महिन्यात करून देतो. आधी घर बघ, मग ठरव."

तानूबाईने बांगड्यांची टोपली खाली ठेवली. "लई घरं बघितली काका. आपल्या घरातली खोट आपणहून सांगणारा मालक काही भेटला नव्हता. भाडं सांगा."

गणोबा पुन्हा गोंधळला. भाड्याचा आकडा काही त्याला ठरवता आला नव्हता. शेवटी त्याने विचारलं, "तू सध्या किती देतेस?" तिने सांगितलं आणि तेवढ्यावर ठरलं.

त्याच वर्षी डोळ्यांनी दगा दिला आणि गणोबाची मशीन बंद पडली. चूल मात्र पेटत राहिली.

तात्पर्य: आपली वस्तू दुसऱ्याला वापरायला द्यायची असेल, तर गावभर सल्ले मागत फिरण्याआधी ती घेणाऱ्याच्या जागी स्वतः बसून पाहावं.