बिनडागाची कार्डे

एका गावाच्या माळावर छोटी धावपट्टी होती आणि तिच्या कडेला त्र्यंबकराव उपळेकरांचा विमाने दुरुस्त करण्याचा कारखाना होता. जवळच्या उड्डाणशाळेची चार विमाने तिथे तपासणीला येत. काम त्र्यंबकरावांचे, पण शेवटची सही शहरातल्या एका मोठ्या संस्थेची. कारण विमान उडण्यालायक आहे असे लिहून देण्याची सरकारी मान्यता त्या संस्थेकडे होती, यांच्याकडे नव्हती. दारावर स्वतःच्या नावाची पाटी लागावी आणि विमान आपल्याच सहीने उडावे, एवढे एकच स्वप्न त्र्यंबकरावांनी बारा वर्षे जपले होते.

माणूस कष्टाळू होता, पण स्वभावाने भारी संशयी. दोन कामगार हसले की याला वाटे, आपल्यालाच हसले. कोणी लवकर आला तर का आला, उशिरा आला तर कुठे गेला होता! चहात साखर जास्त पडली तरी त्यामागे काहीतरी डाव असणार, असे त्याला वाटे.

कारखान्यात लिंबाजी नावाचा जुना मिस्त्री होता. संशयी तोही होता, पण त्याचा संशय माणसांवर नसे, विमानावर असे. काल तपासलेला नट तो आज पुन्हा हाताने चाचपी. "यंत्र खोटं बोलत नाही," तो म्हणे, "पण इचारल्याबिगर खरंबी सांगत नाही." प्रत्येक कामाचे एक कार्ड असे. ते लिंबाजी विमानाजवळ उभा राहून, हात असतील तसे, तिथल्या तिथे भरी आणि सही करी. त्यामुळे कार्डावर तेलाचे अंगठे उमटत, ओळी खोडलेल्या असत, कडेला तिरकी टिपणे असत. रोज सकाळी मागची कार्डे चाळूनच तो कामाला हात घाली.

शेवटी त्र्यंबकरावांनी मान्यतेसाठी सरकारच्या विमान खात्याकडे अर्ज केला. कार्यपद्धतीची पुस्तके लिहिली, हत्यारांच्या याद्या केल्या. पाहणीची तारीख ठरली. मग आठ दिवस आधी त्यांनी कार्डांचा गठ्ठा उघडला आणि त्यांना घामच फुटला. हे असले कळकट कागद निरीक्षकांपुढे ठेवायचे? लगेच मनात शंकेची पाल चुकचुकली. लिंबाजीने मुद्दाम तर मळवले नाहीत? शहरातल्या त्या संस्थेने त्याला फितवले तर नसेल? आपल्याला मान्यता मिळाली की नुकसान त्यांचेच आहे ना!

त्र्यंबकरावांचे अक्षर मोत्यासारखे होते. शाळेत त्यांना त्यासाठी बक्षीस मिळाले होते. त्यांनी दार लावून सहा महिन्यांची सगळी कार्डे स्वतः नव्याने लिहून काढली. खोडलेले गाळले. कडेची तिरकी टिपणे धड लागत नव्हती, चौकटीतही बसत नव्हती, म्हणून तीही गाळली. मग त्यांनी लिंबाजीला बोलावले.

"यावर सह्या कर."

लिंबाजीने कार्डे उलटून पाहिली. "मालक, एका कामाला सही एकदाच असती. ती म्या इमानापाशी केली. आता टेबलापाशी केली तर ती खोटी."

"मजकूर तोच आहे!"

"आसंल. पण आता समोर इमान कुठंय?"

त्र्यंबकरावांची खात्रीच पटली की याच्या पोटात काळेबेरे आहे. "पाहणी होईपर्यंत घरीच थांब," त्यांनी फर्मावले. लिंबाजीला वाईट वाटले. तो डबा उचलून निघून गेला. मग त्र्यंबकरावांनी त्याच्या सह्या आपल्या हाताने गिरवल्या. जुनी कार्डे मात्र जाळली नाहीत. जाळताना कोणी पाहिले तर? त्यांनी ती पोत्यात भरून कपाटात कुलूपबंद केली. संशयी माणसाला राखेचाही भरवसा नसतो.

ठरल्या दिवशी निरीक्षक केंजळेबाई आल्या. त्यांनी आधी चहा घेतला नाही. त्र्यंबकराव मनात म्हणाले, हिचे काहीतरी आधीच ठरलेले आहे. बाईंनी हत्यारांचा फळा पाहिला, सुटे भाग पाहिले, पुस्तके वाचली. सगळ्याला मान डोलावली. शेवटी त्यांनी कार्डे हातात घेतली, दोन-चार चाळली आणि एक नाकाशी धरून हुंगले.

"तेल कुठं आहे?" त्यांनी विचारले.

"आमच्याकडं स्वच्छतेला फार महत्त्व आहे, मॅडम."

"सहा महिने, एकच शाई, एकच पेन, एकही खोडाखोड नाही. मी वीस वर्षं हे काम करतेय. इतकं शहाणं विमान मला अजून भेटलं नाही. मिस्त्री कुठं आहेत?"

"रजेवर."

बाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवले. धावपट्टीच्या टोकाला एक लहान विमान उभे होते. उड्डाणशाळेची शिक्षिका एका विद्यार्थ्याला घेऊन आत बसत होती. "त्या विमानाचं कार्ड हेच ना? यावर मिस्त्रींचा काही शेरा नव्हता?"

"नाही," त्र्यंबकराव म्हणाले. आणि म्हणताक्षणी त्यांना आठवले. शेरा होता. कडेला, तिरका, अर्धा डागाखाली. काय होता ते मात्र आठवेना, कारण त्यांनी तो वाचलाच नव्हता.

बाहेर इंजिन सुरू झाले. पंखा फिरू लागला. गप्प बसले तर बारा वर्षांचे स्वप्न हातात येत होते. बोलले तर बनावट सह्यांसकट सगळे उघडे पडणार होते. आणि शेरा कदाचित अगदी किरकोळ असेल. कदाचित!

त्र्यंबकराव उठले आणि धावत सुटले. दोन्ही हात हलवत, ओरडत ते धावपट्टीवर विमानाच्या समोर जाऊन उभे राहिले. इंजिन बंद झाले. शिक्षिका खाली उतरून संतापाने काही विचारू लागली. त्र्यंबकराव धापा टाकत तसेच परत आले, कपाट उघडले आणि पोते बाईंपुढे रिकामे केले. हवे ते कार्ड सापडले. कडेला लिहिले होते: 'डावी तार, कप्पीपाशी. आज ठीक. दहा तास उडाल्यावर फडका फिरवून बघणे.'

दहा तास कालच भरले होते. बघणारा घरी बसला होता आणि त्याची आठवण कुलपात.

लिंबाजीला बोलावणे गेले. तो आला, हातात सुती फडका घेतला आणि डाव्या पंखाची झडप हलवणाऱ्या तारेवरून हळूहळू सरकवत नेला. कप्पीपाशी फडका अडकला. तारेचे तीन धागे तुटून काट्यासारखे वर आले होते. शिक्षिकेने ते पाहिले आणि विद्यार्थ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्र्यंबकरावांनी सगळे कबूल केले, सह्यांसकट. "आणि लिंबाजी, मी तुझ्यावर संशय घेतला," ते म्हणाले.

"घ्या की संशय," लिंबाजी म्हणाला. "पण माज्यावर न्हाई, तारंवर घ्या."

मान्यता मिळाली नाही. केंजळेबाईंनी जे पाहिले ते सगळे अहवालात लिहिले. विमान अडवायला मालक धावले, हेही लिहिले. वर्षभर पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. त्या वर्षात त्र्यंबकराव रोज सकाळी लिंबाजीबरोबर कार्डे चाळत. टिपण लागले नाही की त्याला विचारत.

पुढच्या वर्षी बाई पुन्हा आल्या. त्यांनी कार्ड हुंगले, किंचित हसल्या आणि चहा मागितला.

मान्यतेचा कागद आला तेव्हा लिंबाजी कामात होता. त्र्यंबकरावांनी तो आधी त्याच्याच हातात दिला. कोपऱ्यावर तेलाचा अंगठा उमटला. लिंबाजी ओशाळून पुसायला लागला.

"राहू दे," त्र्यंबकराव म्हणाले, आणि त्यांनी तो तसाच भिंतीवर लावला.

तात्पर्य: मळलेले खरे दाखवायची लाज वाटली, की धुतलेले खोटे दाखवायची वेळ येते, म्हणून संशय घ्यायचाच तर सोबत्यावर नव्हे, आपल्या हातच्या कामावर घ्यावा.