शमीमसाठी निवडलेली होडी

पट्टीची पोहणारी एक स्त्री एकदा एका वृद्ध नावाड्याकडे शिष्या म्हणून गेली. तिचे नाव वैजयंता खराडे. घाटावरच्या एका नदीकाठच्या गावात, नगरपालिकेच्या तलावावर, ती वीस वर्षे पोहणे शिकवत होती. गावातल्या निम्म्या तरुणांचा पाण्याशी पहिला परिचय तिच्याच हातून झाला होता.

आदल्या पावसाळ्यात गावात पूर शिरला. पलीकडच्या वीटभट्टीच्या छपरावर तीन मजूर अडकले. वैजयंताने मागचा-पुढचा विचार न करता पाण्यात उडी घेतली. ज्या नदीत ती बालपणापासून पोहत आली होती, त्याच नदीने तिला दीडशे हात खाली नेऊन एका बाभळीवर आपटले. काठावरच्या लोकांनी बांबू पुढे करून तिला कशीबशी ओढून घेतली. बाहेरचे बचावपथक दुसऱ्या दिवशी पोहोचले, तेव्हा छपरावर दोनच माणसे उरली होती.

त्या हिवाळ्यात गावाने स्त्रियांचे एक पूरपथक उभे केले आणि वैजयंता त्याची प्रमुख झाली. उसळत्या पाण्यात कयाक चालवायला आपण शिकायचेच, असा तिने निश्चय केला. कयाक म्हणजे एका माणसापुरती निमुळती होडी. ती वरून बंद असते. मधल्या तोंडातून आत बसायचे, कमरेभोवतीचे रबरी झाकण त्या तोंडावर घट्ट बसवायचे, म्हणजे पाणी आत शिरत नाही. होडी उलटली तर झाकणाचा पट्टा खेचून बाहेर पडायचे. ऐकायला हे सोपे वाटते.

गुरू म्हणून तिला धाकू मुकणे यांचे नाव कळले. सह्याद्रीच्या पायथ्याशी एका नदीवर ते राहत. त्या नदीत वीजघराचे पाणी रोज सकाळी सोडले जाई. तीन तास ती खडकांवरून फेसाळत धावे आणि दुपारी पुन्हा गुडघाभर होई. तरुणपणी धाकूबाबा तिथे तर, म्हणजे माणसे पलीकडे नेणारी नाव, चालवत. पूल झाल्यावर ती बंद पडली. पुढे बाहेरून कयाकवाले येऊ लागले, त्यांचे सामान वाहता वाहता बाबा ती विद्या शिकले आणि मग तीच शिकवू लागले. आता त्यांचे वय सत्तरीपुढे होते. बोलणे मोजके, नजर मात्र पाण्यावर खिळलेली.

एप्रिलच्या एका सकाळी वैजयंता जीपमधून उतरली. जीपच्या टपावर तिची स्वतःची लाल कयाक होती. स्पर्धेत उतरणाऱ्या एका खेळाडूची ती होडी तिने मुद्दाम मिळवली होती. बुटकी, चपटी, कडा धारदार. पाण्यात ती एखाद्या माशासारखी उलट्यासुलट्या उड्या घेई, असे त्या खेळाडूने सांगितले होते.

तिने बाबांना पुराची हकिकत सांगितली आणि पथकातली एक मैत्रीण मागून येणार आहे तेही. धाकूबाबांनी ते ऐकत होडीभोवती एक फेरी मारली. कडेवरून अंगठा फिरवला.

"चांगली हाय," ते म्हणाले.

"मग आजच सुरू करू या, बाबा. पावसाळ्याला दोन महिनेसुद्धा राहिले नाहीत."

"बस."

नदीच्या वळणावर एक शांत डोह होता. बाबा कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. वैजयंता होडीत बसली. मांड्या आत रुतल्याच. नवे कोरे रबरी झाकण ताणून बसवताना तिची बोटे लाल झाली.

"बाय, आता ते झाकन काढून दाखव."

"पाण्यात काढीन की, बाबा. मला पाण्याची सवय आहे."

"बरं."

तिने वल्हे दोनदा मारले. तिसऱ्या वेळी अंग जरासे कलले, धारदार कडेने पाणी पकडले आणि होडी उलटली. वैजयंता घाबरली नाही. पाण्याखाली डोळे उघडे ठेवण्यात तिचा जन्म गेला होता. तिने हात पुढे नेऊन पट्टा शोधला आणि खेचला. झाकण निघाले नाही. पुन्हा खेचला. बोटे घसरली. गुडघे बाहेर काढावेत तर ते आत पाचरीसारखे बसलेले. मग मात्र त्या शांत डोहात, काठापासून चार हातांवर, तिच्या छातीत तेच भय उभे राहिले जे तिने बाभळीला धरून असताना अनुभवले होते.

इतक्यात होडी सरळ झाली. बाबांनी एका हाताने कड धरून ती फिरवली होती.

"सहा," ते म्हणाले. "सहा आकडे मोजले मी."

वैजयंता खोकत होती. खोकला थांबल्यावर तिचा संताप बाहेर पडला. "तुम्हाला आधीच कळलं होतं! ही होडी मला चालणार नाही, हे झाकण मला निघणार नाही. सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस," बाबा शांतपणे म्हणाले. "शहाणी हायेस. पण गावी गेल्यावर, मी नसताना, कोनाचं ऐकशील?"

कपडे बदलून आल्यावर तिने एवढेच म्हटले, "मग माझ्यासाठी योग्य ते सामान तुम्हीच काढून द्या."

बाबांनी तेही केले नाही. त्यांनी विचारले, "तुझी ती दुसरी बाय कधी येते?"

दुसरी म्हणजे शमीम मुलाणी. ती गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि त्याच पूरपथकात होती. वैजयंताची ती जुनी मैत्रीण. वयाने थोडी लहान, अंगकाठी मात्र सारखीच. दोघी एकमेकींच्या चपला सर्रास घालत. ती उद्या दुपारी पोहोचणार होती.

"तर मग शमीमसाठी सामान काढून ठेव," बाबांनी कोठीचे दार उघडत सांगितले. "होडी, वल्हं, झाकन, जॅकेट, हेल्मेट, बूट. सगळं तू. मी हात लावणार नाय."

वैजयंताला हे चमत्कारिक वाटले. आपल्याला अजून स्वतःपुरते कळत नाही, तर दुसरीसाठी काय निवडायचे? परंतु गुरूची आज्ञा, म्हणून ती आत गेली.

कोठीत पंधरा-सोळा होड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. तिने एकेक खाली घेतली आणि गवतावर ठेवून तीत बसून पाहिले. पहिलीत तिचे पाय टोकाशी दुमडले. 'शमीमचा उजवा गुडघा पूर्वी दुखावला होता, ही तिला नको,' ती पुटपुटली. दुसरी इतकी ऐसपैस होती की आत बसणारी घरंगळेल. तिसरीच्या कडा तिच्या लाल होडीसारख्याच धारदार. हात लागताच तिने ती बाजूला केली. शेवटी एका कोपऱ्यात तिला एक हिरवी, रंग विटलेली, पोटाला गोल आणि कडांना बोथट अशी कयाक सापडली. दिसायला एखादा दुधी भोपळाच. परंतु तीत बसल्यावर गुडघे दोन्ही बाजूंना अलगद टेकत होते आणि आत ओढले की सुटतही होते. पावले टेकायची पट्टी मागेपुढे सरकत होती. टोकांत हवेच्या पिशव्या भरलेल्या होत्या, म्हणजे पाणी भरले तरी होडी बुडणार नव्हती.

झाकणाच्या बाबतीत तिने फार चिकित्सा केली. जाड रबराचे तिने नाकारले. कापडी, जरा सैल, थोडे पाणी झिरपू देणारे, पण एका हिसक्यात निघणारे झाकण तिने घेतले आणि डोळे मिटून, श्वास रोखून वीस वेळा काढून पाहिले. लाइफ जॅकेट घालून तिने बाबांना खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगितले.

"मी हात लावणार नाय म्हटलं ना."

"निवडायला लावू नका. ओढायला लावा."

बाबा हसले आणि त्यांनी पट्टे ओढले. जॅकेट कानांपर्यंत सरकले, तेव्हा तिने ते परत टांगले आणि दुसरे घेतले. हेल्मेट डोक्यात घालून तिने मान जोरजोरात हलवली. जे कपाळ उघडे टाकत होते ते तिने नको म्हटले. शमीम नेहमी सँडल घालून येते, असे स्वतःशीच बोलत तिने पुढून बंद, जाड तळव्याच्या बुटांचा जोड निवडला आणि त्यांच्या नाड्या तपासून घेतल्या. या सगळ्यात दुपार सरली.

"ही होडी फार जड नाही ना, बाबा?" तिने एकदाच विचारले.

"शमीम तुझी मैत्रीण," बाबा म्हणाले. "माझी ओळखसुद्धा नाय."

दुसऱ्या दिवशी शमीम आली, जेवली आणि तिघे डोहावर गेले. काठावर ते सर्व सामान नीट मांडून ठेवलेले होते. शमीम हरखून पुढे झाली. धाकूबाबांनी तिला थांबवले. त्यांनी हिरवी होडी उचलून वैजयंतापुढे ठेवली, तिच्या हातात ते कापडी झाकण दिले आणि म्हणाले, "बस हिच्यात."

"पण बाबा, हे शमीमचं आहे."

"बस."

"हे अगदी नवशिक्या माणसाचं सामान आहे हो! मी..." आणि वैजयंता मध्येच थांबली. आपण काय बोलत आहोत ते तिच्या कानांवर पडले होते.

बाबा एका खडकावर बसले. म्हणाले, "काल दुपारभर मी बघत होतो. तू शमीमचा गुडघा आठवलास. तिचे सँडल आठवलेस. ती पान्याखाली घाबरली तर हात कुठं जाईल, ते डोळे मिटून बघितलंस. होडी देखणी हाय का, असं एकदाबी मनात आलं नाय तुझ्या. आनि स्वतःसाठी घेतलीस तेव्हा काय आठवलंस? पूर आठवलास. ते छप्पर आठवलंस. त्या छपरापाशी जाऊन पोचलेली वैजयंता आठवलीस. ती वैजयंता अजून झाली नाय, बाय. होडी तिच्या मापाची घेतलीस आनि आत बसलीस तू."

शमीमने हळूच वैजयंताच्या खांद्यावर हात ठेवला. वैजयंताने झाकण कमरेला चढवले.

"शमीमचं काय मग?" तिने विचारले.

"कोठीत अजून बऱ्याच होड्या हायेत. आता तुला वेळ लागायचा नाय."

खरोखरच अर्धा तासही लागला नाही.

त्यापुढचे दिवस परिश्रमाचे होते. दोघी डोहात मुद्दाम उलटत, पट्टा खेचत, बाहेर येत, होडीतले पाणी ओतत आणि पुन्हा बसत. वैजयंता पाचव्या दिवशी दुसऱ्या नव्हे, पहिल्याच हिसक्याला बाहेर येऊ लागली. सातव्या दिवशी तिने उलटलेली होडी कमरेच्या झटक्याने पाण्यातच सरळ केली आणि आनंदाने अशी आरोळी ठोकली की पुलावरची म्हातारी थांबून पाहू लागली. पाय पुढे करून पाठीवर वाहत जाणे, खडकामागच्या उलट्या वळणाऱ्या पाण्यात शिरून दम घेणे, हे सर्व त्या शिकल्या. पहिला खळाळ, म्हणजे खडकांवरून उसळणाऱ्या पाण्याचा टप्पा, पार झाला, मग दुसरा झाला. वैजयंताची भीती गेली असे नव्हे. परंतु आता त्या भीतीचे मोजमाप तिला ठाऊक होते आणि त्या मानाने तिचा विश्वास वाढत होता.

अकराव्या दिवशी ते तिसऱ्या खळाळाच्या वर येऊन उभे राहिले. त्या सकाळी पाणी नेहमीपेक्षा चढलेले होते. मधला खडक जेमतेम दिसत होता आणि त्याच्याखाली लाट उलटी फुटत होती.

"काय म्हनता?" बाबांनी विचारले.

वैजयंता बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "खडकाच्या डावीकडून शमीमला जमेल. तिचं वळण माझ्यापेक्षा सफाईदार आहे. पण वैजयंताला मी आज इथून सोडणार नाही. तिचं डावं वल्हं अजून उशिरा पडतं."

शमीमने चमकून तिच्याकडे पाहिले. पथकाची प्रमुख हे बोलत होती. बाबांनी फक्त मान डोलावली. "मग खाली जाऊन दोर घेऊन उभी राहा."

वैजयंताने होडी खांद्यावर घेतली, काठाकाठाने खाली उतरली आणि एका रुंद खडकावर पाय रोवून, फेकली की दोर उलगडत जाणारी पिशवी हातात घेऊन उभी राहिली. आधी बाबा आपल्या होडीतून आले. पान वाहत यावे तसे. ते खालच्या शांत पाण्यात थांबले. मागून शमीम आली. खडक तिने डावीकडून सुरेख टाळला. परंतु शेवटच्या लाटेने तिला आडवे पकडले आणि होडी उलटली.

एक. दोन. तीन मोजण्याआधीच शमीमचे हेल्मेट फेसातून वर आले. ती झाकण काढून सुटली होती. मात्र प्रवाह तिला बाबांच्या पलीकडे, खालच्या झाडोऱ्याकडे खेचू लागला. तिथल्या फांद्यांत अडकलेला माणूस सहजी निघत नाही.

"शमीम! दोर!"

वैजयंताने फेकलेली पिशवी सरळ जाऊन शमीमच्या छातीपुढे पडली. शमीमने दोर धरला, पाठीवर झाली. वैजयंता खडकावर चटकन खाली बसली, टाचा खाचेत रोवल्या आणि अंगातली सगळी ताकद लावून तिला काठाच्या दिशेने फिरवत आणले.

शमीम वाळूवर पडून धापा टाकत होती आणि त्यातच हसत होती. "वैजूताई," ती म्हणाली, "तू पण माझ्या मागून वरून आली असतीस, तर इथं कोण असतं गं?"

वैजयंता शमीमच्या जॅकेटचे पट्टे सैल करत होती. धाकूबाबा शमीमची रिकामी होडी ढकलत काठाला आले. त्यांनी वैजयंताकडे एकवार पाहिले आणि होडीतले पाणी ओतायला लागले. त्या दिवशी त्यांना सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

जो स्वतःलाही एक शिष्य समजून नीट पारखतो, त्याच्या हाती दुसऱ्याने आपला जीव निर्धास्तपणे सोपवावा.