उघडा हौद

“ऊन, वीज की गॅस? एवढंच सांगा, बुवा.”

जयसिंगराव तांबवेकरांनी तिसऱ्यांदा विचारलं. गणूबुवा शेंगा सोलत होते. त्यांनी आणखी एक शेंग सोलली.

वाईच्या खालच्या अंगाला, नदीकाठी बुवांचा मठ आहे. मठ म्हणजे दोन खोल्या, एक अंगण आणि अंगणात तांब्याचा बंब. जयसिंगराव त्यांचे वीस वर्षांचे शिष्य. शिष्य आपलं म्हणायचं. येत ते बहुतेक वेळा बुवांना काहीतरी समजावून द्यायला. साखर कारखान्याचा बॉयलर जन्मभर सांभाळलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी पाचगणीला बंगला बांधला आणि बंगल्यापुढे स्विमिंग पूल.

“पाणी तापवायचं कशाला?” बुवांनी विचारलं.

“हिच्या गुडघ्यांसाठी.”

ही म्हणजे कुमुदिनीबाई. त्या पायरीवर पाय लांब करून बसल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज अर्धा तास कोमट पाण्यात चाला, तीन महिन्यांत फरक पडला तर ऑपरेशन टळेल. त्यातला एक महिना संपला होता. बाई एकदाच पाण्यात उतरल्या होत्या आणि उतरल्या तशा वर आल्या होत्या. ऑपरेशनच्या नावानं त्यांची झोप उडाली होती.

“पाणी कसलं, बर्फ आहे नुसता,” त्या म्हणाल्या.

“तेच सांगतोय ना मी!” जयसिंगरावांनी पिशवीतून तीन दरपत्रकं काढली. “सोलर घ्यावं तर अख्खी गच्ची जाते. पाणी तापवणारा विजेचा पंप घ्यावा तर हिचे दागिने जातात. गॅस घ्यावा तर माझी पेन्शन जाते. तेव्हा हा स्विमिंग पूल परवडेल अशा बेतानं...”

“हौद केवढा आहे?”

“स्विमिंग पूल, बुवा.”

“हां. हौद केवढा?”

“पंचवीस फूट बाय बारा.”

बुवांनी मांडीवरची टरफलं झटकली.

“मला आंघोळ करायची आहे,” ते म्हणाले. “बंब पेटवता?”

जयसिंगरावांची छाती फुगली. बंब म्हणजे बॉयलरचं शेंडेफळच! त्यांनी बाह्या सरसावल्या, ढलप्या रचल्या, खाली गोवरी सारली. हवा कुठून घ्यावी, धूर कुठून जावा, यावर त्यांनी बुवांना एक व्याख्यानही दिलं. बुवांनी ते ऐकलं. आपल्याच बंबाविषयी इतकं नवं त्यांना कुणी सांगितलं नसावं.

पाणी कढत झालं. जयसिंगरावांनी ते घंगाळात ओतलं आणि गार पाण्याचं विसण घालून हात बुडवून पाहिला.

“या बुवा. अगदी बेताचं आहे.”

“आलोच. एवढी माळ होऊ दे.”

माळ झाली. मग बुवांनी तुळशीला पाणी घातलं. मग कुंपणाशी जाऊन गुराख्याशी त्याच्या म्हशीविषयी बोलले. माघातली सकाळ होती, नदीवरून वारा सुटला होता.

बुवांनी येऊन घंगाळात बोट बुडवलं.

“गार आहे.”

जयसिंगरावांनी पुन्हा बंब पेटवला. पुन्हा घंगाळ भरलं. बुवांनी पुन्हा माळ घेतली.

“गार आहे,” बुवा म्हणाले.

तिसऱ्या खेपेला व्याख्यान नव्हतं. धुरानं डोळे लाल झाले होते, धोतरावर काजळी पडली होती. घंगाळ भरून जयसिंगराव बाजूला उभे राहिले, आणि बुवांनी खुंटीवरची माळ काढली.

“अहो बुवा!” ते ओरडले. “उघड्यावर वाऱ्यात पाणी ठेवायचं आणि वर म्हणायचं गार आहे! सगळी ऊब वाफेवाटे वरून निघून जाते. कारखान्यातलं शेंबडं पोरही सांगेल! त्याच्यावर काहीतरी झाका ना आधी!”

बुवांनी माळ परत खुंटीला लावली.

...

पायरीवरून हसण्याचा आवाज आला. बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“काय झालं हसायला?” जयसिंगराव म्हणाले. पण आवाज उतरला होता.

“झाकण आहे की आपल्याकडे,” बाई म्हणाल्या. “बुवा, हौद बांधणाऱ्यांनीच दिलं होतं. निळं, जाड, फुगेवालं. उन्हात पाणी कोमटही होतं म्हणाले त्यानं. यांनी आठवड्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं.”

“का हो?”

जयसिंगराव बंबातल्या राखेकडे बघत राहिले.

“दिसत नाही मग,” ते अखेर म्हणाले.

“काय दिसत नाही?”

“पाणी. तळाच्या फरशा. रविवारी कारखान्यातली मंडळी येतात, गच्चीतून बघतात. ते झाकण घातलं की ट्रकवर ताडपत्री टाकल्यासारखं दिसतं. आमचे जुने चीफ केमिस्ट म्हणाले, खाली कांदे साठवलेत का?”

बुवांनी मान हलवली. चीफ केमिस्टचं म्हणणं त्यांनाही पटलेलं दिसलं.

“तुम्ही उतरलात कधी पाण्यात?”

“मला कुठला वेळ? तीन-तीन कंपन्यांची माणसं, त्यांची गणितं...”

“बसा.”

जयसिंगराव बसले. बुवा आत गेले आणि रांजणातल्या रात्रभर निवलेल्या पाण्याची बादली घेऊन आले. ती त्यांनी जयसिंगरावांसमोर ठेवली.

“पाय घाला.”

“कशाला?”

“घाला तर.”

जयसिंगरावांनी पाय घातला आणि “आई गं!” म्हणून असा वर घेतला की बादली कलंडली. अंगणभर पाणी झालं. कुंपणापलीकडची म्हैस दचकली.



“मला गुडघ्यापर्यंत लागतं ते,” बाई हळूच म्हणाल्या. “मीच काढलं असतं हो झाकण. दोनदा गेले शिडीपाशी. पण दुसऱ्या पायरीवर पायच उचलेना.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुमची गणितं चालली होती.”

जयसिंगराव ओल्या पायानं तसेच बसून राहिले. त्यांना मनापासून लाज वाटली. पण बॉयलरवाला माणूस. लाज वाटली तरी शंका राहतेच. दरपत्रकं भिजली होती. त्यांनी ती झटकली, उलटीसुलटी करून पाहिली.

“बरं... हौद झाकला, समजा,” ते म्हणाले. “तरीही थोडं तापवायला लागेलच. मग ऊन, वीज की गॅस?”

बुवांनी खांद्यावरचा पंचा काढून त्यांच्या हातात दिला.

“पाय पुसा,” ते म्हणाले, “आणि माळ्यावर चढा.”